उम्म यूसुफची बंदूक

वाघचौरेंनी चाप ओढला, बंदूक 'फुस्स' म्हणाली आणि टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा होता तिथंच उभा राहिला. त्यांनी दुसरा छर्रा भरला, नेम धरला, श्वास रोखला. पुन्हा 'फुस्स'. डबा हललासुद्धा नाही.

"वारा आहे," वाघचौरे म्हणाले.

वारा नव्हता. जानेवारीतलं सौम्य ऊन कुवेतच्या वाळवंटावर पसरलं होतं. जयप्रकाश वाघचौरे म्हणजे एका पेट्रोकेमिकल कंपनीतले सेफ्टी इंजिनियर. दिवसभर लोकांना "असं करू नका" हे सांगण्याचा त्यांना पगार मिळायचा. घरी तेच काम ते फुकट करत. त्यांचे मॅनेजर यूसुफ यांनी आपल्या हिवाळी कँपवर त्यांना बायकोसकट जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर यूसुफनी छऱ्यांची बंदूक त्यांच्या हातात दिली आणि "मारा वाघसाहेब, मी आलोच," म्हणून ते जे तंबूत गडप झाले, ते अजून उगवले नव्हते.

वाघचौरेंची बायको प्रणिता शहरातल्या शर्क भागातल्या एका बँकेत ऑडिटर होती. नवऱ्याच्या एनसीसीतल्या नेमबाजीच्या कथा तिनं येताना गाडीत मुकाट ऐकल्या होत्या.

"अहो, डब्याला भोक नाही. मागच्या वाळूत धूळ उडाली नाही. मग दोन छर्रे गेले कुठं?"

तिसरा छर्रा भरायला निघालेले वाघचौरे थबकले. त्यांनी छर्रा भरताना करतात तशी नळी बिजागरीवर वाकवून मागच्या तोंडातून पाहिलं. पलीकडे निळं आभाळ दिसायला हवं होतं. दिसला मिट्ट अंधार.

"अडकलेत. एकामागे एक."

"मग यूसुफना सांगून टाका."

"वेडी आहेस का? पुढच्या आठवड्यात माझं अप्रेझल आहे! सेफ्टीचा माणूस, आणि साहेबाच्या बंदुकीत बोळा कोंबून बसला?"

खरं तर काय करायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. अडकलेला छर्रा उडवायला आणखी छर्रा भरायचा नाही. चाप ओढायचा नाही. नळी वाकवलेलीच ठेवायची, तोंड माणसांपासून लांब. दोन थेंब तेल सोडायचं आणि पुढून गज घालून छर्रे आल्या वाटेनं मागे ढकलायचे. सगळं कसं चोख. फक्त तेल आणि गज, एवढंच नव्हतं.

तेलासाठी दोघं स्वयंपाकाच्या तंबूत शिरले. फळीवर एक काळपट बाटली होती. लेबल अरबीत. इतकी वर्षं कुवेतमध्ये काढून वाघचौरेंना अरबीतलं 'धूम्रपान निषिद्ध' तेवढं वाचता येत होतं, आणि बाटलीवर ते लिहिलेलं नव्हतं.

"ऑलिव्ह ऑइल," त्यांनी ठरवलं आणि नळीत धार सोडली. धार काही केल्या पुढे सरकेना. त्यांनी बोट लावून चाटलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"गोड आहे."

प्रणितानं बाटली हुंगली. "अहो, हे दिब्स आहे! खजुराचा पाक! थांबा, तीळ आणते. चिक्की तरी होईल."

पाक विरघळवायला गरम पाणी हवं. शेगडीवर किटली होती, वाघचौरेंनी ती नळीत रिकामी केली. ती चहाची निघाली. साखर घातलेल्या. आता बंदुकीला पाक झाला, चहा झाला आणि कुठून कोण जाणे, माशाही झाल्या.

एवढ्यात तंबूचा पडदा बाजूला करून यूसुफ आत आले. पुण्याच्या हॉस्टेलात राहून त्यांनी डिग्री आणि मराठी दोन्ही काठावर पास केली होती.

"सर," वाघचौरे सेफ्टी रिपोर्टच्या भाषेत म्हणाले, "एक छोटासा नियर-मिस झालाय."

यूसुफनी गळणाऱ्या नळीकडे पाहिलं. "आयला!"

"सॉरी सर, मी..."

"आयला म्हणजे खरंच आयला! बंदूक माझ्या आईची आहे! नमाज झाली की ती नेम मारायला येते. तिचा नेम चुकत नाही. माझी तर वाट लागली!"

बाहेर शेजारच्या तंबूत उम्म यूसुफ, म्हणजे यूसुफच्या मातोश्री, नमाजाला बसल्या होत्या. गज शोधायला वेळ नव्हता. प्रणितानं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. वाघचौरेंची जुनी गाडी उभी होती, तिच्यावर लांबलचक अँटेना.

"माझा अँटेना?" वाघचौरे कळवळले.

"मग काय साहेबांचा?"

अँटेना आला. टोकाला इलेक्ट्रिकल टेप गुंडाळली गेली. वाघचौरेंनी तो पुढून घातला आणि हळूहळू रेटला. आधी चहा आला, मग पाक, मग प्रणितानं मागे धरलेल्या ताटलीत टप्पकन एक छर्रा पडला. मागोमाग दुसरा.

"सुटलो!" वाघचौरेंनी नळी उजेडाकडे धरली. अंधार तसाच होता. त्यांनी पुन्हा रेटलं. टप्प. टप्प.

"मी तर दोनच भरले होते," वाघचौरे पुटपुटले.

प्रणितानं यूसुफकडे पाहिलं. यूसुफ तंबूचं छत निरखू लागले.

"सकाळी जरा प्रॅक्टिस केली," ते छताला म्हणाले.

"म्हणून आमच्या हातात बंदूक देऊन पळालात?"

"तुम्ही पाहुणे आहात, भाभी. पाहुण्यांना आई काही बोलत नाही."

वाघचौरेंना यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण अप्रेझल आठवून त्यांनी सगळा राग अँटेनावर काढला. जोर लावला. टप्प! पाचवा छर्रा पडला. बाकीचे चपट्या डोक्याचे आणि कोरे होते. हा गोल डोक्याचा, जुना, काळाठिक्कर.

"हा कुणाचा?" वाघचौरेंनी विचारलं.

"आईशप्पथ, माझा नाही," यूसुफ म्हणाले. नळीतून आता पलीकडचा उजेड लख्ख दिसत होता.

तेवढ्यात पडदा सरला आणि उम्म यूसुफ आत आल्या. त्यांनी अँटेना पाहिला, पाकाची बाटली पाहिली, घोंघावणाऱ्या माशा पाहिल्या. मग ताटलीत वाकून पाहिलं. तो गोल डोक्याचा छर्रा त्यांनी दोन बोटांनी उचलला, शांतपणे झग्याच्या खिशात टाकला आणि मुलाला अरबीत काहीतरी विचारलं.

यूसुफनी घाम पुसला. "आई विचारते, हे चार छर्रे कुणाचे?"

"चार? अहो, पाच..." वाघचौरे सुरू झाले आणि कळवळून थांबले. प्रणितानं त्यांच्या पायावर टाच रोवली होती.

"चारच," ती म्हणाली. "दोन यांचे, दोन त्यांचे. मी स्वतः पाहिलंय." यूसुफनी ते आईला अरबीत सांगितलं.

उम्म यूसुफनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं, मग हसून तिचा हात धरला आणि तिला चांगल्या गाद्यांवर बसवायला घेऊन गेल्या. जाता जाता दोघा पुरुषांकडे एक ओलं फडकं भिरकावलं आणि बंदुकीकडे बोट दाखवलं.