वैजनाथअप्पांचं बारावं कलम

वैजनाथअप्पांनी दूधवाल्याशीसुद्धा करार केला होता.

वहीचं फाडलेलं पान, निळी शाई आणि खाली दोन्ही पक्षांच्या सह्या. म्हणजे अप्पांची सही आणि दूधवाल्याचा अंगठा. मजकूर दोन ओळींचा. "दूध घालणार व दूध घेणार हे दोन्ही पक्ष स्वतंत्र आहेत. एकाचा दुसऱ्यावर कोणताही ताबा नाही." दुसऱ्या दिवसापासून दूधवाला सहाच्या ऐवजी दहाला यायला लागला. अप्पा बिनदुधाचा चहा पीत ओट्यावर बसायचे. तो आला की विचारायचे, "कावून उशीर केलास रे?" तो हसून म्हणायचा, "अप्पा, तुमीच लिवलंय की. ताबा न्हाई." जरा वेळानं अप्पा मला माडीवर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "बरूबर हाय त्याचं. मान्य करावं लागतं."

माडीवर मी राहायचो. घाटनांदूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नवाच लागलो होतो आणि अप्पांचा भाडेकरू होतो. खाली त्यांचं दुकान. पाण्याच्या मोटारी, पाइप, वायरीची भेंडोळी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात खिशाची बंडी आणि बोटांना कायमचं ग्रीस. बायको वारून बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि लेक महादेवी, एवढीच माणसं.

हे कराराचं वेड त्यांच्या डोक्यात घातलं ते मीच.

त्या वर्षांत मोठमोठ्या कंपन्या गावोगाव एजंट शोधत हिंडत होत्या. एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, किराणा दुकानात रंगीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. अशात पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीनं अप्पांना एजन्सी देऊ केली. करार आला इंग्रजीत, चौदा पानांचा. तो काखेत मारून अप्पा माडीवर आले. "सर, वाचा. सही मागनं करतो."

मी एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेलो. अकराव्यापर्यंत अप्पांना दोनदा डुलकी लागली. बारावं कलम असं होतं, की दोन्ही पक्ष स्वतंत्र आहेत. या करारामुळे कोणी कोणाचा मालक होत नाही, नोकर होत नाही, भागीदार होत नाही. एकाचा दुसऱ्याच्या कामावर ताबा राहणार नाही.

अप्पांनी डोळे उघडले. "पुन्यांदा वाचा बरं."

मी वाचलं. ते सावरून बसले. "असं लिवता येतं?"

"येतं की. सगळ्याच करारांत असतं."

"आमाला ठावंच न्हवतं," ते म्हणाले, आणि बराच वेळ कागदाकडं बघत बसले. तेरावं आणि चौदावं कलम त्यांनी ऐकलंच नाही.

त्यानंतर आमच्या घरात बाराव्या कलमाचं राज्य सुरू झालं. माझ्याशी करार झाला, दूधवाल्याशी झाला, न्हाव्याशी झाला. न्हाव्यानं एकदा मेंढरू भादरल्यासारखे केस कापले, तरी अप्पा आरशात बघून म्हणाले, "त्याचं काम, त्याची मर्जी." महादेवी तर त्यांची टिंगलच करायची. जेवायला वाढताना म्हणायची, "अप्पा, आमटीत मीठ लई पडलंय. पण मिठावर माझा ताबा न्हाई." अप्पा मान खाली घालून आमटी संपवायचे आणि पुन्हा मागायचे. ती मैत्रिणीकडं गेली, सिनेमाला अंबाजोगाईला गेली, कधी कुठं गेली तरी "कुठं गेलतीस?" असं अप्पांनी विचारल्याचं मी ऐकलं नाही. गावात लोक हसायचे. मीही हसायचो.

कंपनीशी मात्र त्यांचं फार दिवस जमलं नाही. आधी पत्र आलं, की दुकानाचा बोर्ड निळाच पाहिजे. मग आलं, की दुसऱ्या कंपनीचा माल समोर ठेवू नका. मग आलं, की देवाचा फोटो काढून तिथं कंपनीचं कॅलेंडर लावा. अप्पांनी प्रत्येक पत्राला माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. "कलम बारा पाहावे." शेवटी जीपमधून कंपनीचा एक साहेब आला. अप्पांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मला बारावं कलम मोठ्यानं वाचायला लावलं.

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "अप्पा, ते कलम तुमच्यासाठी नसतं हो. उद्या तुमच्या दुकानातल्या मोटारीचा कुणाला शॉक बसला, तर आमच्यावर येऊ नये म्हणून असतं."

अप्पांना ते समजायला जरा वेळ लागला. "म्हंजे हात झटकायला लिवलंय?"

"तसंच समजा."

"आमी तसं वाचलं न्हाई," अप्पा म्हणाले. आवाज एकदम पडला होता. दोन महिन्यांत एजन्सी गेली. पण वेड गेलं नाही.

महादेवीचं लग्न ठरलं ते थेट आष्टीला. जिल्हा तोच, पण आमच्या गावाहून दोन गाड्या बदलून अख्खा दिवस लागायचा. मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अप्पा माडीवर आले. कोरा कागद पुढं ठेवला. "लिवा, सर. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिलं. वधू आणि वर दोघे स्वतंत्र आहेत, एकाचा दुसऱ्यावर ताबा राहणार नाही. वरपित्याचाही राहणार नाही. मला वाटलं, झालं. अप्पा म्हणाले, "न्यायानं लिवा. वधूपित्याचं पण घाला."

"तुमचं कशाला, अप्पा?"

"घाला, घाला. आमी काय आभाळातनं पडलोत?"

मी घातलं. साखरपुड्यात अप्पांनी तो कागद काढला तेव्हा मांडवात हशा पिकला. व्याही मिश्किल माणूस. "आणा इकडं, सुपारी फोडल्यावर कागदाचं काय भ्या!" असं म्हणत त्यांनी झोकात सही केली आणि कागद घडी करून स्वतःच्याच खिशात टाकला. एकटी महादेवी हसली नाही. ती बापाकडं बघत होती.

पहिल्या नागपंचमीला ती माहेरी आली. जरा वाळली होती, पण आमटीवरून बापाची चेष्टा केली. दुसऱ्या पंचमीला आलीच नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या लेकी आल्या, झाडांना झोके बांधले गेले. अप्पांनी बूथवरून फोन लावला. व्याही म्हणाले, "यायचं न्हाई म्हणती."

अप्पांनी दुकानाचं शटर ओढलं. मला म्हणाले, "सर, रजा मिळंल का?"

दुपार कलल्यावर आम्ही आष्टीत पोचलो. व्याह्यांनी 'शरणार्थ' म्हणून स्वागत केलं, चहा मागवला. चहाबरोबर त्यांनी कपाटातून एक घडी केलेला कागद काढून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"जपून ठिवलाय बरं का," व्याही म्हणाले. "आमचा ताबा न्हाई, तुमचा बी न्हाई. सूनबाईलाच इचारा."

महादेवी आतल्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर. दोन्ही मनगटं रिकामी वाटावीत इतक्या बांगड्या ढिल्या झालेल्या. तिच्या मागं सासू उभी होती, शेजारी नवरा. त्यानं मान वर केली नाही.

अप्पा उठून उभे राहिले. "म्हादेवी, तुझी मर्जी काय हाय? यायचं का?"

ती फरशीकडं बघत होती. "फुडल्या वर्षी येते, अप्पा."

"ही तुझी मर्जी हाय?"

दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. मग ती म्हणाली, "हाय."

अप्पांनी हात जोडले आणि चपला घातल्या. चहा तसाच राहिला.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "अप्पा, ती खरं बोलत होती असं वाटलं तुम्हाला?"

"तिनं हाय म्हटलं, सर."

बस सुटली. उघडे माळ मागं पडत होते. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. बीड जवळ आलं तेव्हा, मी काहीच विचारलं नसताना, बोलायला लागले.

"हिची आई हुती ना, तिला मी पाच वरीस माहेरी धाडलं न्हवतं. दुकान हाय, माणसं येत्यात, कोण रांधणार? दर पंचमीला ती पिशवी भरून ठिवायची. मी म्हणायचो, फुडल्या वर्षी. मग तिची आय मेली. तार दुपारी आली, मी संध्याकाळी सांगितलं. दुकान बंद करून. ती रडली न्हाई. नुसती पिशवी रिकामी केली. त्यानंतर मी जा म्हणायचो, तर म्हणायची, आता कुणाकडं जाऊ? म्हादेवी झाली तवा ठरवलं, हिच्यावर हुकूम चालवायचा न्हाई. मरंस्तोवर न्हाई."

आपण दोन वर्षं कशाला हसत होतो, ते मला त्या बसमध्ये कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बीडला बदली झाली. काही महिन्यांनी कुणीतरी सांगितलं, की अप्पांनी दुकान पुतण्याला दिलं आणि गाव सोडलं. कुठं गेले ते त्याला सांगता आलं नाही.

पाच-सहा वर्षांनी, दिवाळी उलटल्यावर, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी आष्टीला गेलो. स्टँडसमोर पत्र्याचं एक शेड होतं, दारात उघडून टाकलेली मोटार आणि तिच्यावर वाकलेला एक म्हातारा. विभूतीचे पट्टे आधी दिसले.

"अप्पा!"

"या सर, बसा," ते म्हणाले. जणू मी कालच माडीवरून उतरलो होतो.

पोट भरण्यापुरतं दुरुस्तीचं काम मिळत होतं. मागं एक खोली होती. व्याही सुरुवातीला येऊन विचारून गेले होते, इथं कावून आलात? अप्पांनी सांगितलं, धंद्याला आलो. लेकीच्या दारात ते एकदाही गेले नव्हते. "ती बाजाराला जाती ती ह्याच वाटनं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी साबणानं हात धुतले. दोनदा धुतले, नखांत काडी घालून ग्रीस काढलं, वास घेऊन बघितला. फळीवरून दोन पिकलेली सीताफळं घेतली आणि एका वाटीत त्यांचा गर काढायला बसले. एकेक बी दोन बोटांत धरून सोडवायची आणि बाजूला ठेवायची.

थोड्या वेळानं महादेवी आली. भाजीची पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते; तिशीचीही नसेल. मला बघून हसली.

"सर, तो कागद तुमीच लिवलता ना?"

"हो," मी म्हणालो. "चुकलं माझं, महादेवी."

"कागदाचं काय न्हाई, सर." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती वाटीकडं. "त्या दिवशी अप्पांनी सगळ्यांच्या म्होरं इचारलं, तुझी मर्जी हाय का. सासू मागं उभी. मी काय म्हणणार? मला वाटत हुतं, आता इचारू नका. हात धरा आन् चल म्हणा."

अप्पांची बोटं थांबली. समोरच्या स्टँडवर कंडक्टरची बेल वाजली, गाडी निघून गेली, तरी बोटं थांबलेलीच होती.

"आता म्हणू का?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल.

तिनं वाटी त्यांच्या हातातून घेतली. चमचा नव्हता, बोटांनीच खाल्लं, सगळं खाल्लं. "आता पोरगी हाय, अप्पा. शाळा सुटंल तिची. वाट बघत बसंल." वाटी विसळून तिनं पालथी ठेवली, पदर नीट केला आणि पिशवी उचलली.

ती रस्त्यापर्यंत गेली असेल, तेवढ्यात अप्पा उठले. चप्पलही न घालता तिच्या मागं गेले. तिच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि लहान पोरीला नेतात तसं, डावीकडं बघत, उजवीकडं बघत, तिला रस्ता ओलांडून दिला. चार माणसं बघत होती. तिनं हात सोडवून घेतला नाही. पलीकडं गेल्यावर त्यांनी पिशवी परत दिली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

परत आल्यावर ते माझ्याकडं न बघता मोटारीवर वाकले. "रहदारी लई वाढलीय, सर," म्हणाले.

मी रस्त्याकडं बघितलं. एक सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बाकी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.