साळवीकाका बेटावर गेले

दारावरची बेल वाजली की आमचे साळवीकाका आधी टीव्ही बंद करतात, मग पंखा, आणि श्वास रोखून दारामागे उभे राहतात. त्यांच्या दाराला बाहेर बघायची भोकं दोन आहेत. एक उभ्यानं बघायला, एक बसून. मी सिल्व्हर पार्कला त्यांच्या समोरच राहतो, म्हणून माहीत.

कुरिअरवाल्यालासुद्धा ते नाव सांगत नाहीत. "तुम्ही सांगा, मी बरोबर की चूक ते सांगतो." लिफ्टमध्ये अनोळखी माणूस दिसला तर पाच मजले चढून येतात. वर आल्यावर धापा टाकत म्हणतात, "रिस्क नको."

काकू मी इथं राहायला येण्याआधीच गेलेल्या. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

तर असे हे काका एका रविवारी आपण होऊन माझ्या दारात. "खाडीतल्या त्या बेटावर होडी जाते ना? मला नेशील?"

"काय काम काढलंत?"

"सहज."

हा माणूस साधं दूधसुद्धा सहज आणत नाही. पण नेलं.

होडी सुटली आणि काकांनी माझं मनगट धरलं. पाणी काळपट, खाली किती खोल ते कळेना. होडीवाल्यानं विचारलं, "पयल्यांदा चाललाव काय?" काका माझ्या कानात म्हणाले, "हा कशाला विचारतोय?" त्यांचा हात बर्फासारखा गार होता. खरं सांगायचं तर मलाही पोहता येत नाही.

बेटावर उतरलो तर पंधरा-वीस माणसं भोवती. कुठले, कुणाकडं आलात, पोरं किती, पेन्शन हाय का? काका पांढरेफटक पडले. मी पाण्याची बाटली भरायला नळावर गेलो, वळून बघतो तर काका नाहीत.

मी गल्ल्या पालथ्या घातल्या. धक्क्यावर गेलो. भरती चढत होती आणि मघाशी दिसणारा चिखल पाण्याखाली गेला होता. घाबरून माणूस कुठंही पळतो. "काका!" म्हणून हाका मारत पुन्हा गल्ल्यांत शिरलो.

शेवटी एका बाईनं बोट दाखवलं, "तिकडं च्या प्यायला नेलंय त्यांना." एका अंगणात काका खाटेवर बसलेले, हातात चहा. समोर एक म्हातारी आणि चार बायका. मी दारातच टेकलो.

"बायको न्हाय आनली?" म्हातारीनं विचारलं.

मला वाटलं, आता काका उठतील. ते उठले नाहीत.

"तीन वर्षं झाली तिला जाऊन," ते म्हणाले. "हे बेट बघायची फार हौस होती तिला. कितीदा म्हणाली, चला ना. मला भीती वाटायची. पाण्याची, माणसांची."

म्हातारीनं आपला पाट पुढं ओढला, काकांच्या अगदी जवळ बसली.

"कशी व्हती रं ती? सांग."

आणि काका सांगायला लागले. त्यांचा इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता. धक्क्यावरून होडीवाल्यानं दोनदा हाक मारली. मी अंगणाबाहेर येऊन त्याला हातानंच खुणावलं, थांब जरा.