सरदार धनाजीरावांचे तीन खून

पूर्वज नसलेला माणूस जगात अद्याप सापडलेला नाही. बडोद्यात तर पूर्वज सरदार नसलेला मराठी माणूसही सापडत नाही. आमच्या हौशी मोजणीप्रमाणे फतेगंजपासून खंडेराव मार्केटपर्यंत दोनशे बारा मराठी घरांत दोनशे नऊ सरदार निघाले (उरलेल्या तीन घरांना कुलूप होते). एवढ्या सरदारांनी सोडलेले हुकूम पाळत कोण होते, याची मात्र कुठेच नोंद नाही.

अशा थोर शहरात वंशावळ आणि ऐतिहासिक रहस्यकादंबरी यांचा संसार सुखाने चालतो, यात नवल ते काय? पद्धत सोपी आहे. आधी घराण्याचा इतिहास शोधावा. जिथे कागद संपतो, तिथे प्रेत टाकावे. पुराव्याअभावी इतिहासकार गप्प बसतो. कादंबरीकाराची तेवढ्यात दोन प्रकरणे होतात.

बाजव्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे गजेंद्र याच पद्धतीने पणजोबांवर कादंबरी लिहीत होते. दुर्दैवाने त्यांना कागद सापडला. तीन वर्षे जुनी दप्तरे उपसल्यावर एका यादीत एवढेच होते: "धनाजी, मोतद्दार. तबेल्यास आग लागली असता अकरा घोडी बाहेर काढली. उजवा हात जळाला. सबब पागोटे द्यावे." ('राव' पुढे घरच्यांनी लावले.) मोतद्दार म्हणजे घोड्यांना खरारा करणारा नोकर. गजेंद्रांना भरून आले. त्यांनी तो मजकूर घरी मोठ्याने वाचला, आणि घरात सुतक पडल्यासारखे झाले.

कारण त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचे, शर्वरीचे, लग्न ठरत होते, आणि मुलाचे वडील फत्तेसिंहराव यांना सरदार घराण्याशीच सोयरीक हवी होती.

"जो, गजेंद्र," गजेंद्रांचे काका बळवंतराव आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "कादंबरीत खून चालसे. चोरी पण चालसे. खरारा नको."

"पण काका, कागदावर आहे."

"कागद कोण वाचतंय? व्याही कादंबरी वाचणार."

"अकरा घोडी काढली त्यांनी," शर्वरी म्हणाली. "मला तर तेच आवडलं, पप्पा. तेच लिहा ना."

तिचे मत विचारात घेण्यात आले नाही (लग्न तिचे होते).

गजेंद्रांनी चार दिवस दम धरला, मग शेपूट घातली. छापून आलेल्या कादंबरीत सरदार धनाजीराव तीन खून करतात आणि पुरावा नाहीसा करायला स्वतःच तबेला पेटवतात. घोडी बाहेर काढतो तो पान एक्क्याण्णववरचा 'एक नोकर'. त्याला नाव नाही, आणि पान ब्याण्णववर तो मरतो. मुक्या जनावरांसाठी हात जाळून घेणाऱ्या माणसाला त्याच्या पणतूनेच मारले, आणि हा चौथा खून एकाही परीक्षकाच्या लक्षात आला नाही. मला हे वाचून शरम वाटली.

फत्तेसिंहरावांचा फोन आला. "पाणीदार घराणं आहे हं तुमचं. मजा आवी गई." लग्न ठरले.

आता प्रकाशकाकडे वाचकांची पत्रे येत आहेत. तो खुनी सरदार वास्तविक आपल्याच घराण्यातला असून कादंबरीत नाव दुरुस्त करावे, अशी मागणी आजवर एकतीस जणांनी पुराव्यासह केली आहे. पान एक्क्याण्णववरच्या नोकरावर हक्क सांगणारे एकही पत्र नाही. वाचकहो, तुमचे पत्रही कालच पोचले. त्यात तुम्ही सरदारांबद्दलच विचारले आहे.