साडेनऊ किलोंचा मानकरी

कंपनीच्या वजन घटवा स्पर्धेत मी पहिला आलो होतो. दोन महिन्यांत साडेनऊ किलो! तेही एक दिवस उपाशी न राहता, एक पाऊल जास्त न चालता. मी निवृत्त झालो, पण तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मोडूही नये, बाबांनो.

कल्पना मोठ्या साहेबांची. माणसं बारीक झाली की आजारपणाच्या रजा कमी होतात, हा त्यांचा शोध. दर सोमवारी आम्ही पार्सलच्या काट्यावर ओळीनं चढायचो आणि स्टोअरकीपर वजनं फळ्यावर लिहायचा. तो स्वतः एकशे चार किलो. दिवसभर जिने चढायचा-उतरायचा, पण काटा जागचा हलेल तर शपथ!

"काय रे पिंपा," मी म्हणायचो, "काट्याची तरी दया कर!"

"भाऊ, वीस वर्षं पार्सलं तोलतोय," तो म्हणायचा. "आत काय भरलंय ते काट्याला कळत नसतं."

मी मात्र भिजल्या साबणासारखा झिजत होतो. लोक गुपित विचारू लागले. ते मलाही ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यावरून भाषण टाळणाऱ्यांतला मी नव्हे.

"पाणी प्या! मी सात लिटर पितो!" तहान भागतच नव्हती, पण तहानेला व्रत म्हटलं की रुबाब येतो. "बसून राहू नका! मी दर अर्ध्या तासाला उठतो!" उठून कुठे जातो, ते मी सांगत नसे. टायपिस्टबाईंनी माझा कित्ता गिरवला आणि एका बैठकीतून पाच वेळा बाहेर गेल्या. त्यांना लेखी समज मिळाली. मला थकवा आला की मी फळांचा रस घ्यायचो. मोठा ग्लास. आरोग्यात काटकसर कसली!

घरी बायको माझ्या पट्ट्याला नवी भोकं पाडत होती.

"अहो, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतोय. एकदा रक्त तपासून घ्या ना."

"जळतेस!"

"जळत नाही हो. भीती वाटते."

"बक्षीस तर मिळू दे!"

ती चौथं भोक पाडू लागली.

बक्षीस द्यायला डॉक्टरीणबाई आल्या. येताना बोटातलं रक्त तपासायचं यंत्र घेऊन आल्या. आधी पिंपाची पाळी. साखर नीट, रक्तदाब नीट.

"बाई, यंत्र बिघडलंय!" मी ओरडलो. सगळे हसले.

मग माझं बोट. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. दुसरं बोट टोचलं. तेच.

"यंत्राला मोजता येत नाही इतकी साखर आहे," बाई हळूच म्हणाल्या. "तहान फार लागते?"

"तेच तर माझं गुपित!" मी लोकांकडे वळून गरजलो. टाळ्यांचा कडकडाट!

"अहो, हे वजन तुम्ही नाही घटवलं. आजारानं घटवलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

मी दाराकडे निघालो आणि वाटेतच खाली बसलो. पिंपानं मला पाठुंगळी घेतलं आणि तीन जिने उतरला. धाप नाही, काही नाही! विजेत्याची मिरवणूक निघाली असं समजून लोक टाळ्या पिटत राहिले.

आणखी दोन दिवस गेले असते तर बक्षीस भिंतीवरच्या फोटोला द्यावं लागलं असतं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. बायको उशाशी बसून होती. 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. डाव्या पायाच्या बोटांना चपलेचा स्पर्श आजही कळत नाही.

इंजेक्शनं सुरू झाली, साखर ताळ्यावर आली, रात्रीची झोप परत आली. सहा किलो वजनही परत आलं. दीड महिन्यानं कामावर रुजू झालो, तर मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत मला खालून वर न्याहाळलं.

"अरेरे! एवढं कमावलेलं घालवलंत? तब्येतीकडे लक्ष द्या हो जरा!"

आणि सगळं कळून चुकलेल्या मी काय केलं? सांगायला लाज वाटते. पोट आत ओढलं आणि म्हणालो, "हो, साहेब."