घरचं सर्टिफिकेट

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळींत गिरीश सबनीस म्हणजे कॉम्प्युटर सिक्युरिटीतला बाप माणूस. (असं मुख्यतः गिरीशच म्हणायचा.) त्यामुळे २००७ च्या दिवाळीआधी त्याच्या बायकोनं, पद्मजानं, रीतसर लायसन्स काढून घरून फराळ विकायचा घाट घातला, तेव्हा वेबसाइट कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

"साइटला दोन दारं ठेवायची," गिरीश म्हणाला. "चकलीचे फोटो बघायला साधं दार, सगळ्यांना उघडं. ऑर्डर देऊन कार्डाचा नंबर टाकायचा, की सिक्युअर दार. तिथे कुलूप. वाटेत चोर टपून बसला, तरी त्याच्या हाती भोपळा!"

"आणि ते कुलूप आपलंच आहे हे लोकांना कसं कळणार?"

"त्याला सर्टिफिकेट असतं. कंपनी चौकशी करते आणि विकत देते. पण मी घरीच बनवतो ना! कुलूप तेवढंच पक्कं."

"म्हणजे तू भला माणूस आहेस, हे तूच लिहून देणार?"

"पद्मजा, हा टेक्निकल विषय आहे."

साइट सुरू झाली. ओळखीच्या सगळ्यांनी फोटो पाहिले, फोन करकरून "काय सुरेख काटे आलेत गं" म्हणाले. ऑर्डर मात्र एक नाही. दिवाळी तोंडावर आली, भाजणीचे डबे तसेच.

"माझ्या हाताला चवच नाही. तोंडावर सांगत नाहीत, इतकंच," म्हणताना पद्मजाचे डोळे भरून आले.

गिरीशला फार वाईट वाटलं. पण कुलपाबद्दल शंका? छे! त्याच्या लॅपटॉपवर तर साइट मस्त चालत होती. (आपल्या सर्टिफिकेटवर डोळे मिटून विश्वास ठेव, असं त्यानं लॅपटॉपला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.)

शेवटी कोपऱ्यावरचे श्रीरामकाका, रिटायर्ड सर्जन, गॅरेजमधून आत आले. (अमेरिकेत आपल्या माणसांना पुढचं दार चालत नाही.)

"पद्मजा, दोन डबे चकली ठेव गं बाई. त्या साइटवर मात्र आम्ही काही देणार नाही."

"का हो काका?"

काकांनी आवाज खाली आणला. "ऑर्डरवर क्लिक केलं की लाल ढाल येते. या साइटची खात्री कुणी दिलेली नाही, इथून बाहेर पडलेलं बरं, असं लिहून येतं. आम्हाला वाटलं, गिरीशनं काहीतरी भानगड केलीय. मंडळात कुणी विषयच काढत नाही. उगाच तुला कशाला दुखवायचं!"

पद्मजाचा जीव भांड्यात पडला. चकली निर्दोष होती! मग तिनं सावकाश गिरीशकडे पाहिलं.

गिरीशनं मुकाट्यानं खऱ्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केला. धंदा पद्मजाच्या नावावर, म्हणून खात्री करून घ्यायला कंपनीचा फोन तिलाच आला. हात पिठात होते, तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, मिस्टर सबनीस तुमच्या बिझनेसमध्ये कोण?" पलीकडच्या बाईनं विचारलं. "अर्जात ‘हेड ऑफ सिक्युरिटी’ लिहिलंय."

गिरीश छाती काढून उभा राहिला.

"हेड?" सोऱ्या पिळता पिळता पद्मजा म्हणाली. "छे हो, काहीतरी चुकलंय. तो आमच्याकडे डबे पोचवतो. तेही अजून ट्रायलवर."