ह्याल्मारचा खोकला

रानवेगच्या दुकानात गल्ल्यासमोर उभं राहून ह्याल्मारने घसा खाकरला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

वास्तविक त्याला खोकलाबिकला काही नव्हता. आइसलंडच्या उत्तरेकडच्या त्या खाडीवर मेंढ्या पाळणारा, साठीला टेकलेला, एकटा माणूस. रानवेगही एकटीच. शनिवारी मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या होत्या आणि संध्याकाळी गावच्या सभागृहात नाच होता. "माझ्याबरोबर येशील का?" एवढंच त्याला विचारायचं होतं. आठवडाभर त्याने ते कुत्र्यासमोर घोकलं होतं. कुत्र्याला पाठ झालं असेल. ह्याल्मारला ऐन वेळी आठवेना.

"खोकला का रे?" रानवेगने विचारलं.

मागे रांग उभी होती. ह्याल्मारचं अवसान गळालं. "हो... म्हणजे जरासा."

"जरासा म्हणता म्हणता छातीत उतरतो. थांब." तिने फळीवरून डोंगरगवताची पिशवी काढली. नावालाच गवत, दगडफुलाच्या जातीचं, खडकाळ माळावरून वेचून वाळवलेलं. "धुऊन घे, मंद आचेवर उकळ आणि कढत कढत पी. घसा, छाती, पोट, सगळ्याला चांगलं. माझी आजी यावरच नव्वदी गाठून गेली."

ह्याल्मार मुकाट्याने पिशवी घेऊन बाहेर पडला.

रांगेत त्याच्या मागे नेमका स्टुर्ला होता. स्टुर्ला चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि गाणाऱ्यांचा ताफा सांभाळायचा. त्या ताफ्यात खर्ज लावणारा ह्याल्मार एकटाच, आणि रविवारी तर बिशप येणार होते. स्टुर्लाने तिथूनच ह्याल्मारच्या थोरल्या बहिणीला, ओड्नीला, फोन लावला. ह्याल्मार घरी पोचला तेव्हा ओड्नी पातेलं चढवून त्याची वाटच बघत होती.

"पड आधी अंथरुणात!"

"अगं ताई, मला काही झालेलं नाही."

"मग दुकानात खोकलास कशाला?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते ओड्नीला सांगणं म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवर दवंडी पिटणं. ह्याल्मार निमूट अंथरुणात शिरला.

काढा कडूजहर होता, त्यात पुन्हा बुळबुळीत. घटकाभर ठेवला की खळीसारखा थिजायचा. मग ओड्नी तो चमच्याने भरवायची. दुसऱ्या दिवशी स्टुर्लाने तोच काढा दुधात उकळून आणला. "असा जास्त लागू पडतो," तो म्हणाला आणि कप रिकामा होईपर्यंत हलला नाही. मग नर्सबाई आल्या. त्यांनी छाती ठोकली, पाठ ठोकली, नळी लावून ऐकलं.

"छाती घोड्यासारखी ठणठणीत आहे यांची."

"बघा!" ओड्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतका खोल गेलाय की वरून ऐकूसुद्धा येत नाही."

शनिवारी सगळा गाव मेंढ्या हाकत खाली आला. आपल्या मेंढ्या दुसरेच लोक निवडतायत, हे ह्याल्मारला खिडकीतून बघावं लागलं. न राहवून तो ओरडला, "अरे ए, ती करड्या कानाची माझी आहे!" ओड्नीने खाडकन खिडकी लावली. "आवाज जपून ठेव! उद्या बिशप यायचेत!"

संध्याकाळ झाली. नाचाला सुरुवात होणार, आणि रानवेगला दुसऱ्याच कुणीतरी विचारणार, या विचाराने ह्याल्मारला अंथरूण टोचायला लागलं. ओड्नी नवीन पातेलं चढवायला स्वयंपाकघरात गेली, तशी त्याने ठेवणीतला कोट अंगात घातला आणि स्वतःच्याच घराच्या खिडकीतून बाहेर उडी मारली. खाली रूबार्बचा वाफा होता. त्यातून उठून तो लंगडत सभागृहाकडे निघाला.

त्याला दारात पाहताच अकॉर्डियन थांबलं.

"अरेरे, अंथरुणातून उठून आला बिचारा!"

स्टुर्ला धावत आला आणि त्याने आपला मफलर ह्याल्मारच्या गळ्याभोवती करकचून आवळला. "एक शब्द बोलू नकोस! खर्ज जाईल!" कुणीतरी थर्मासमधून वाफाळता काढा ओतून हातात दिला.

"रानवेग कुठाय?" ह्याल्मारने कसंबसं विचारलं.

"रानवेग? ती दुकानातून परस्पर तुझ्याकडेच गेली की! म्हणाली, आजारी माणसाजवळ कुणीतरी बसायला हवं."

ह्याल्मारने कप तसाच स्टुर्लाच्या हातात कोंबला आणि तो आल्या वाटेने पळत सुटला.

घरी ओड्नी नव्हती. ती विजेरी घेऊन त्याला शोधायला किनाऱ्याकडे गेली होती. चुलीपाशी रानवेग एकटीच पातेलं ढवळत उभी होती.

"असल्या अंगाने गेला होतास कुठे?"

मागे रांग नव्हती. ह्याल्मारने दम घेतला. "तुला शोधायला. मला खोकला नाही, रानवेग. नव्हताच कधी. नाचाला माझ्याबरोबर येशील का, एवढंच विचारायचं होतं."

रानवेगने डाव खाली ठेवला.

"मला नाचता येत नाही," ती हळूच म्हणाली. "दर वर्षी काहीतरी निमित्त काढते. गेल्या वर्षी पाय मुरगळला होता. यंदा तू आजारी पडलास, म्हटलं, सुटले बाई. तुला येतं?"

"छे!"

"मग नाचाला कशाला विचारत होतास?"

ह्याल्मारने डोकं खाजवलं. "सगळे तिथेच विचारतात ना."

रानवेगने पातेलं उचललं आणि सगळा काढा मोरीत ओतून दिला. "कॉफी कुठे ठेवतोस?" तिने विचारलं.

किनाऱ्याकडून ओड्नीच्या हाका ऐकू येत होत्या. ह्याल्मार खिडकीपाशी गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला.