मुखमुलुखावर दमट हवेची स्वारी

आपण आज्ञा केली जे, त्या उन्हाळ्यात हवामान कचेरीच्या बाईसाहेबांचे मुखमुलुखावर दमट हवेची स्वारी कैसी आली, कोण सरदार कामास आले, कोणाची फजिती जाहली आणि अखेर निशाण कोणाचे लागले, ही हकीकत साद्यंत लिहून कळवावी. आज्ञा शिरसावंद्य. जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहितो. मीठमसाला घातला नाही ऐसे नाही, परंतु चवीपुरता. वाचणारांनी पंख्याखाली बसून वाचावे.

बाईसाहेब म्हणजे कचेरीत हवेचा अंदाज लिहिणाऱ्या. अंगी हुन्नर ऐसा जे, ढगाचा रंग पाहून उद्याची छत्री सांगावी. परंतु दैव ऐसे की, अंदाज लिहावा बाईंनी आणि टीव्हीवर वाचावा सुटाबुटातल्या निवेदकाने. त्यास वारा कोणीकडून येतो हे ठाऊक नाही, दात मात्र शुभ्र. वादळाची वर्दी तीही बारशाचे आमंत्रण द्यावे तैसी हसत हसत देई, आणि लोकांस खरे न वाटे, आणि लोक छत्रीवाचून बाहेर पडत, आणि भिजले म्हणजे शिव्या कचेरीस. आपले खरे कोणी ऐकत नाही, हा सल बाईंचे काळजात बहुत वर्षे होता.

मग एके दिवशी खासे बडेसाहेब, कचेरीचे मुख्य, यांचा हुकूम सुटला जे, पुढल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून ज्याने अंदाज लिहिला त्यानेच तो पडद्यावर सांगावा, आणि पहिला मान बाईसाहेबांचा, आणि न जमल्यास निवेदक आहेतच. हे शेवटले बाईंस बहुत झोंबले. तथापि हर्षभरित होऊन आरशासमोर गेल्या आणि पाहतात तों मुलुखात बंडाळी. कपाळप्रांती तेलाचा पूर, दोहों गालांवर घामोळ्याच्या छावण्या, हनुवटीस मुरमांची ठाणी, आणि किल्ले नाकाचे ऐन शेंड्यावर एक तांबडा सरदार ऐसा तळ ठोकून बसलेला जे, त्याचे मनी उठून जाण्याचा विचार दिसेना.

बाईंनी मसलत केली. कचेरीची रीत ऐसी की, नेमल्या वेळी अंगणात जावे, झडपांची पांढरी पेटी उघडावी, आतले कोरडे आणि ओले ऐसे दोन तापमापक वाचावे, त्यांवरून हवेतली आर्द्रता काढावी आणि माघारी यावे. यास निरीक्षण म्हणतात. बाईंनी विचार केला जे, हवेत ओल इतकी की घामास उडून जाण्यास जागा नाही, सबब तो धुवून काढणे प्राप्त. शास्त्र बिनचूक होते आणि तेथेच घात जाहला. दर निरीक्षणागणिक बाई पेटी लावून थेट नळावर जात आणि फेसवॉशचा फेस काढून मुख खसाखसा घासून धूत, आणि आर्द्रता चढी असेल तेव्हां दोनदा धूत. कचेरीच्या नळास विसावा म्हणून राहिला नाही.

घरी मावशीसाहेब. या बाईंच्या मातोश्रींच्या धाकट्या भगिनी, भाचीपाशीच राहत, आणि मोहिमेचे सेनापतिपद त्यांनी कोणी न देता घेतले. त्यांनी फ्रिजचे कोठार उघडून काकडीचे पथक डोळ्यांवर उतरविले, मग मधाचे पायदळ गालांवर पसरिले, आणि मग लिंबाचा तोफखाना थेट किल्ले नाकावर डागिला. त्या समयी बाईंनी जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारचे गृहस्थ गॅस बंद करून जिन्यात येऊन उभे राहिले.

"मावशी, आग होतेय गं!"

"होणारच. लागू पडतंय म्हणून होतेय. आता घास बघू नीट. मळ निघाल्याशिवाय उजळेल कसं?"

ऐसे चालले असता मुलूख शांत व्हावा तो अधिकच पेटला. गाल सोलून काढिल्यागत लाल आणि वर तेल पूर्वीहून चढे. मग निवेदक कचेरीत हळहळ करावयास आला आणि म्हणाला, "बाई, तब्येत बरी नाही का? अजिबात काळजी करू नका. मी आहे." त्या 'मी आहे'ने बाईंचा बांध फुटला. त्या दिवशी बाई स्वच्छतागृहाचे दार लावून रडल्या, हे लिहिणे भाग आहे, आणि रडून जाहल्यावर पुनः तोंड घासून धुतले, हेही लिहिणे भाग आहे.

मग मावशीसाहेबांस सुगावा न लागू देता बाईंनी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा आश्रय केला. त्यांनी भिंग लावून मुलुखाची पाहणी केली आणि विचारले, "तोंड किती वेळा धुता?"

"दर निरीक्षणाला."

"म्हणजे?"

बाईंनी पेटीची रीत, तापमापक, आर्द्रता आणि नळ ऐसे सर्व निवेदन केले. ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढिला, पुसला, पुनः चढविला आणि फर्मान दिले ते येणेप्रमाणे. मुख सकाळी आणि निजतेवेळी सौम्य साबणाने धुवावे, मध्ये घाम आलाच तर मऊ कापडाने टिपावा, घासू नये. लिंबास मानाने स्वयंपाकघरात रवाना करावे. अंगणात उन्हात जाण्याअगोदर सनस्क्रीन लावावे, आणि धुतल्यावर पाण्यासारखे हलके क्रीम लावावे. मुरमास नख लावील त्याची गय होणार नाही.

क्रीमचे नाव निघताच बाईंतला शास्त्रज्ञ जागा जाहला. "पण डॉक्टर, हवेतच एवढी आर्द्रता आहे. वर आणखी क्रीम कशाला?"

"ती आर्द्रता हवेची, तुमच्या कातडीची नव्हे. तिच्यापाशी होतं नव्हतं ते तुम्ही धुऊन धुऊन काढून घेतलंत, म्हणून ती घाबरून तेल सोडतेय." मग डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "तुम्ही पेटी उघडता, आकडा बघता, पेटी लावता. आकडा आवडला नाही म्हणून तापमापक घासता का हो?"

बाईंनी फर्मानाचा कागद घडी करून पिशवीत घातला.

तेथून पुढे खरे युद्ध लागले, कारण काही न करणे यापरते कठीण कर्म नाही. निरीक्षण जाहले की पाय आपोआप नळाकडे वळत आणि बाई ते माघारी फिरवीत. विचारात पडल्या की हात हनुवटीकडे निघे, मग बाई त्या हातावरच बसत, आणि एका हाताने टंकलेखन करीत. मावशीसाहेबांस डॉक्टरीणबाईंचा सुगावा लागताच त्या तर रुसल्याच. "डॉक्टरचं ऐक हो, मी कोण?" ऐसे म्हणून त्यांनी दोन्ही वेळा ताट आपटून वाढिले. अखेर तह जाहला जे, काकडी घरात राहील, परंतु ताटात राहील. मग हळूहळू गालांची लाली उतरली, कपाळीचा पूर ओसरला आणि घामोळ्याने छावण्या उठविल्या. नाकावरचा सरदार मात्र हलला नाही.

सोमवार उगवला. बाई स्टुडिओत दाखल होतात तों तेथील एसीने प्राण सोडिला होता आणि वर दिव्यांचा भडिमार. मेकअपवाला डबे मांडून तयारच होता. "ताई, नाकावर जरा जाड हात मारतो. औषधाला दिसणार नाही." बाईंनी मान डोलाविली, कारण भय कोणास नाही? थरावर थर चढले, आणि मग घाम आला, आणि तो वाळेना, आणि सारा रंग ओघळून ओठांवर उतरला. बाजूस निवेदक कुमकेस सज्ज उभा होता, त्याची एक भुवई विरघळून गालावर आलेली, आणि त्यास कोणी सांगितले नव्हते.

काचेपलीकडून बडेसाहेबांनी पुसविले, "बाई, जमेल ना? नाहीतर ते तयार आहेत."

 बाईंनी ओले फडके घेऊन मुखावरचा सर्व रंग टिपून काढिला आणि म्हणाल्या, "मीच सांगते."

मग कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा लागला आणि बाई उघड्या तोंडाने मुलुखासमोर उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत. "नमस्कार. उद्याही हवा अशीच दमट राहणार आहे. घाम येईल आणि तो वाळणार नाही. खोटं वाटत असेल तर माझ्याकडे बघा." इतक्यात नाकावरून एक थेंब टपकला, तो सर्वांनी पाहिला. "दुपारचं ऊन टाळा, पाणी पीत राहा. आणि उद्या संध्याकाळी वादळी पाऊस येणार आहे. वाळत घातलेले कपडे आत घ्या. मी उगाच सांगत नाहीये."

दुसरे दिवशी दुपार टळेतो आभाळ कोरे करकरीत होते आणि बाईंचा जीव टांगणीस लागला. मग सांजेस वारा सुटला, धूळ उठली आणि पाऊस ऐसा कोसळला जे समोरची इमारत दिसेना. बाई छत्री घेऊन घरी निघाल्या आणि वाटेत सहज मान वर करून पाहिले, तों रस्त्याचे दोहों अंगांस जितक्या गॅलऱ्या तितक्या दोऱ्या रिकाम्या. एक रुमाल म्हणून कोठे लोंबत नव्हता. बाई छत्री कलती करून भर पावसात तशाच पाहत उभ्या राहिल्या.

सबब पुढीलांस माहीत असावे म्हणून लिहून ठेविले जे, नाकावर मुरूम कायम असता, रंगरंगोटीवाचून, निवेदकाच्या कुमकेवाचून बाईसाहेबांची फत्ते जाहली. त्यांनी सांगितले आणि लोकांनी ऐकिले.